बोअर फेल, किडनी फेल

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. अमरावती, अकोला आणि बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांतून हा पट्टा गेला आहे. इथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. बोअर मारणं म्हणजे जुगारच. पाणी लागलं तरी खारं लागायची धास्ती, आणि लागलंच नाही तर दुसऱ्या दिवशी पारावर एकच वाक्य, ‘अमक्याचा बोअर फेल गेला.’ फेल गेलेल्या बोअरच्या तोंडावर दगड ठेवतात. मागे उरतं ते कर्ज.

माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, अडुसष्ट वर्षांचे. रक्तदाब वीस वर्षांचा जुना. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या तेवढ्याच जुन्या. पायावर सूज आली म्हणून शहरातल्या एका दवाखान्यात रक्त तपासलं, तर क्रिएटिनिन २.१ निघालं. ‘किडनी फेल होऊन राह्यली’ असं त्यांना सांगण्यात आलं. डॉक्टरांनी सांगितलं की काउंटरवरच्या पोराने, हे आजवर उलगडलेलं नाही. मोठेबाबा घरी आले आणि रक्तदाबाची गोळी बंद करून टाकली. तीन महिने घरात कोणाला पत्ता नव्हता. मला कळलं तेव्हा मी विचारलं, “काऊन बंद केली?”

“किडनी फेल सांगतली ना त्याइनं,” ते म्हणाले. “बोअर फेल गेला का मंग त्याच्यात मोटर टाकून काय फायदा? पैसा कायले घालवाचा?”

यात अडाणीपणा कुठे आहे ते मला दाखवावं. विचार बिनचूक होता, शब्द तेवढा दुसऱ्या वावरातला होता. रक्तदाब ताब्यात ठेवणं हा उरलेली किडनी टिकवायचा सगळ्यात खात्रीचा उपाय, आणि नेमका तोच त्यांनी सोडला, कारण त्यांच्या हिशेबी उरलेलं काही नव्हतंच. वैद्यकातलं ‘फेल’ म्हणजे एखादा अवयव शरीराच्या गरजेला पुरा पडेनासा होणं. ते पायरीपायरीने होतं, अनेकदा वर्षानुवर्षं चालतं, मधल्या कुठल्याही पायरीवर त्याला धरून ठेवता येतं. आपल्या बोलण्यातलं ‘फेल’ म्हणजे निकाल लागला, विषय संपला. हृदयाचंही तेच. ‘हार्ट फेल झालं’ याचा मराठीतला अर्थ माणूस गेला. डॉक्टरांच्या कागदावर हाच शेरा असलेला माणूस गोळ्या घेत दहा वर्षं नातवंडं खेळवत असतो.

मी डॉक्टर नाही, भाषेचा मास्तर आहे. त्यामुळे या प्रकरणातली एक गोष्ट मला जास्त टोचली. मोठेबाबांना इंग्रजी शब्द परका म्हणून नडला नाही, फार ओळखीचा म्हणून नडला. वैद्यकीय भाषा सोपी करा म्हणताना आपण बहुधा याच्या उलट धरून चालतो. अवघड इंग्रजी शब्दाच्या जागी मराठी शब्द बसवला की झालं, असं समजतो. मला हे निदानच चुकलेलं वाटतं.

परक्या शब्दांचं भय वऱ्हाडाला कधीच नव्हतं. अमरावतीचं जिल्हा रुग्णालय लोकांच्या तोंडी ‘इर्विन’ आहे आणि बायकांचं रुग्णालय ‘डफरीन’. अकोल्यातल्या बायका बाळंतपणाला ‘लेडी हार्डिंग’मध्ये जातात. तिन्ही नावं साहेबाच्या व्हाइसरॉयांच्या आणि त्यांच्या बायकांच्या घरातली, आणि तिन्ही आता वऱ्हाडी विभक्त्या लावून फिरतात. ‘इर्विनले नेलं’ यात कोणाला काही परकं वाटत नाही. सलाईन, बॉटल, ऑपरेशन, सिझर, सोनोग्राफी, शुगर, बीपी हे शब्द ज्वारीच्या भाकरीइतके घरचे झाले आहेत. यांना हुसकून ‘श्राव्यातीत’ वगैरे काही आणलं तर सोनोग्राफीला आलेली बाई घरी परत जाईल.

कोशकारांना मात्र मी हसणार नाही. महाराष्ट्र राज्य झालं त्याच १९६० साली भाषा संचालनालय निघालं आणि त्याने शरीर, शरीरक्रिया, विकृती अशा शाखांचे परिभाषा कोश केले. किडनीला वृक्क, थायरॉइडला अवटू ग्रंथी, सुजेला शोथ. ते काम पाठ्यपुस्तकांसाठी आणि ज्ञानकोशांसाठी होतं. एका संज्ञेला एकच शब्द असावा, आणि त्याच्यापासून पुढचे दहा शब्द बनावेत, ही गरज संस्कृतने भागवली. त्याच्याही शंभर वर्षं आधी, १८६१मध्ये, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात मराठीतून वैद्यक शिकवणारा वर्ग सुरू झाला होता. सखाराम अर्जुन यांच्यासारख्या डॉक्टरांनी मराठीत वैद्यकाची पुस्तकं लिहिली. मराठीत हे शास्त्र मावत नाही असं म्हणणाऱ्यांनी तेवढा इतिहास बघावा. मध्य प्रदेशाने २०२२मध्ये एमबीबीएसची हिंदी पुस्तकं काढली, तेव्हा संज्ञा तशाच ठेवून लिपी तेवढी बदलली म्हणून लोक हसले. मला ते शहाणपणाचं वाटलं. विद्यार्थ्याची अडचण वाक्याची असते, संज्ञा तो पाठ करतोच.

पण विद्यार्थ्याची भाषा निराळी आणि रुग्णाची निराळी. वृक्क हा शब्द पुस्तकात ठेवण्यासाठी केलेला आहे, तोंडात ठेवण्यासाठी नाही. मोठेबाबांना ‘तुमचं वृक्क अकार्यक्षम झालंय’ असं सांगितलं असतं, तर त्यांनी गोळ्या बंद केल्या नसत्या हे खरं. त्यांना काही कळलंच नसतं. याला सुधारणा म्हणायचं असेल तर म्हणा.

मग बोलीतले शब्द घ्यावेत? इथे गंमत सुरू होते. ‘नस’ घ्या. कंबरेची नस दबली म्हणतो तेव्हा आपल्याला मज्जातंतू म्हणायचा असतो. सलाईन लावताना नस सापडत नाही, ती अशुद्ध रक्ताची शीर. हार्टची नस ब्लॉक झाली, ती शुद्ध रक्ताची धमनी. रात्री पोटरीत नस चढते, तो आखडलेला स्नायू. आणि नसबंदीत बांधतात ती शुक्रवाहिनी. पाच वेगळ्या वस्तू, पाच वेगळी कामं, नाव एक. सगळ्याच नसा एकसारख्या असतील तर चोळून मोकळी करणारा माणूस सगळ्यांनाच चालायला हवा, आणि लोक त्याच्याकडे जातातही. पोटरीची नस तो सोडवतो. छातीतल्या नसेसाठी त्याच्याकडे घालवलेले दोन तास परत मिळत नाहीत.

‘मणक्यात गॅप आली’ हे तर आख्ख्या महाराष्ट्राचं दुखणं. खरं बघता मणक्यांच्या मधली गादी झिजते आणि दोन मणके जवळ सरकतात, म्हणजे फट कमी होते. आपण नेमकं उलटं बोलतो, आणि फट भरून काढणारं औषध शोधत फिरतो. तसं औषध विकणारेही भेटतात. शब्दानेच त्यांना दुकान काढून दिलेलं असतं.

पावसाळा सरता सरता डेंग्यूचे दिवस येतात, तेव्हा फोनवर पहिला प्रश्न असतो, ‘पेशी किती?’ कोणी त्यांना पांढऱ्या पेशी म्हणतं. पांढऱ्या पेशी वेगळ्या, त्या निरोगी माणसात साधारण चार ते अकरा हजार असतात. घरच्यांच्या मनात असतात त्या प्लेटलेट, दीड लाखापासून साडेचार लाखांपर्यंत. डेंग्यूत दोन्ही घटतात, म्हणून गोंधळ अजून पक्का होतो. पण खरा घोटाळा पुढे आहे. डेंग्यूतला धोका बहुतेक वेळा आकड्यात नसतो. रक्तवाहिन्या पाझरायला लागतात आणि रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, हा तो धोका. आणि तो बहुधा ताप उतरत असतानाच येतो. घरचे मात्र ताप उतरला म्हणून सुटकेचा श्वास टाकतात आणि पपईच्या पानांचा रस करत बसतात. रुग्णाचं पोट दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, लघवी कमी झाली, हातपाय गार पडले, याकडे बघायला त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. त्यांना एक शब्द दिलेला असतो, पेशी. ते शब्दाची राखण करतात.

‘अंगावरून वारं गेलं’ हा वाक्प्रचार ऐकायला किती छान आहे. ज्याने तो पहिल्यांदा वापरला त्याने काहीतरी बघितलं होतं: बसल्या जागी, वाऱ्याच्या झुळकीइतक्या वेळात, माणसाची एक बाजू लुळी पडली. पण शब्दाने कारण सुचवलं आणि कारणाने उपचार. दारं-खिडक्या लावा, गरम तेल चोळा, गार काही देऊ नका. बहुतेक वेळा गुठळी मेंदूतल्या रक्तवाहिनीत अडकलेली असते. ती विरघळवायचं इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांत द्यावं लागतं, आणि तेसुद्धा सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही ना हे बघून. वाऱ्याला कोणी घड्याळ लावत नाही. इथे ‘पक्षाघात’ म्हणून काही फरक पडणार नाही. ‘मेंदूचा ॲटॅक’ म्हटलं तर पडेल, कारण ॲटॅक म्हणजे पळा हे गावातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. भाषाशुद्धीच्या कार्यकर्त्यांनी मला क्षमा करावी, पण माणूस वाचवायचा तर मी धेडगुजरी शब्द घेईन.

या सगळ्यात मला सर्वांत जड वाटतो तो शब्द ‘पिशवी’. आपल्या बोलीत शरीरात तीन पिशव्या आहेत: पित्ताची, लघवीची आणि बाईची. बाईची म्हणताना पुढचं काही बोलायची पद्धत नाही, ‘पिशवी’ एवढंच. पिशवी म्हणजे काही ठेवायची वस्तू. ठेवलेलं काढून घेतलं की रिकामी, आणि रिकामी पिशवी घरात कोण सांभाळतं? ‘पोरं झाली, आता पिशवीचं काय काम?’ हे वाक्य मी बायकांच्या तोंडून ऐकलं आहे, त्यांच्या नवऱ्यांच्या तोंडून ऐकलं आहे, आणि एकदा ज्यांनी ते म्हणायला नको होतं त्यांच्याही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची गर्भाशयं तरुणपणीच काढल्याचं प्रकरण गाजलं, आणि २०१९मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्यामागे गरिबी होती, मुकादमाची उचल होती, पाळीच्या दिवसांतला खाडा होता, दवाखान्यांचा धंदा होता. शब्दाला सगळा दोष देणं बालिश ठरेल. पण शब्दाने वाट सोपी केली, हे मी म्हणेन.

कारण त्या पिशवीबरोबर काही वेळा अंडाशयंही जातात, आणि अंडाशयांना बोलीत रुळलेलं नाव मी तरी ऐकलेलं नाही. ज्याला नाव नाही ते गेलं तर चुकल्यासारखं काय वाटणार? अंडाशयं गेली की पाळी नुसती थांबत नाही. पस्तिशीतल्या बाईचं शरीर एका दिवसात पन्नाशीत जातं, हाडं विरायला लागतात, हृदयाची जोखीम वाढते. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात याच स्वरूपाच्या घटनेवर निकाल दिला. त्या बाईंनी संमती दिली होती दुर्बिणीतून तपासणीची, आणि शुद्धीवर आल्या तेव्हा गर्भाशय आणि अंडाशयं काढलेली होती. न्यायालयाने सांगितलं की संमती खरी हवी. काय करणार, कशासाठी, दुसरा पर्याय काय, धोका काय, हे पुरेसं सांगितल्यावर दिलेली हवी.

आपल्याकडच्या संमतीपत्रावर एक वाक्य छापलेलंच असतं, ‘मला समजेल अशा भाषेत सर्व समजावून सांगण्यात आले आहे.’ मी त्यावर तीनदा सही केली आहे, तिन्ही वेळा रात्री, तिन्ही वेळा नर्सने बोट ठेवलं तिथे. समजावून सांगण्यात आलं याची पावती आधी छापून तयार आहे, सामान यायचं आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की शब्द सोपा की अवघड, देशी की परका, हे मोजमाप बाजूला ठेवावं. हा शब्द ऐकून माणूस घरी जाऊन काय करेल, या एकाच प्रश्नावर तो पारखावा. तसं पारखलं तर जुन्या मराठीत पैलू पाडलेले हिरे आहेत. ‘मुतखडा’ घ्या: कुठे आहे, काय आहे, सगळं चार अक्षरांत उरकलं. पण शिकलेल्या माणसाला मूत म्हणायची लाज वाटते, म्हणून तो ‘स्टोन’ म्हणतो आणि कागदावर ‘मूत्राश्मरी’ लिहितो. ‘धनुर्वात’ म्हटल्यावर धनुष्यासारखं ताठलेलं शरीर डोळ्यांपुढे उभं राहतं. ‘मुदतीचा ताप’ म्हणजे घाई करू नका, मुदत भरू द्या, औषध पुरं घ्या. आणि ‘जुनाट’! डॉक्टरांचं ‘क्रॉनिक’ ऐकून निम्मे लोक ‘सीरियस’ समजतात. त्याचा अर्थ फक्त जुनाट एवढाच आहे. उलट ‘अक्यूट’ला कोशात ‘तीव्र’ म्हटलंय, त्याने काम बिघडतं. अक्यूट म्हणजे नव्याने, अचानक उठलेलं. तीव्र म्हटलं की जुनाट ते सौम्य, असा भलताच निष्कर्ष निघतो. किडनीच्या बाबतीत तर अचानक उठलेलं दुखणं पुष्कळदा पूर्ण बरं होतं आणि जुनाट दुखणंच घात करतं.

एखादं वर्णन संज्ञेपेक्षा किती मोठं काम करतं, याचा दाखला अमरावतीतच आहे. दाजीसाहेब पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभं केलं तेव्हा त्या रोगाला ‘महारोग’ म्हणत, आणि गावोगाव ‘रक्तपिती’. नाव ऐकलं की माणूस चट्टा सदऱ्याखाली लपवायचा. पुढे ‘कुष्ठरोग’ आलं, भीती तेवढीच राहिली. भिंतींवरच्या जाहिरातींत ‘न खाजणारा, न दुखणारा बधिर चट्टा’ हे शब्द आले तेव्हा लोकांना स्वतःच्या अंगावर बघण्यासारखं काहीतरी मिळालं. यात रोगाचं नाव नाहीच. नाव डॉक्टर नंतर सांगतील. चट्ट्यावर बोट ठेवून बघणं कोणालाही जमतं.

गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी नवजात बाळांच्या बाबतीत हेच केलं. सेप्सिस, म्हणजे अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग, ही संज्ञा शिकवायला एक सत्र लागतं. त्यांच्या आरोग्यदूत बायका, थोडं शिकलेल्या, बाळाकडे बघायला शिकल्या. रडणं मंदावलं का, दूध ओढणं कमी झालं का, अंग ढिलं पडलं का, गार लागतंय का, पोट फुगलं का. अशा खुणांवरून त्यांनी घरच्या घरी इंजेक्शनपर्यंतचे उपचार केले. १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. सेप्सिसला मराठी प्रतिशब्द शोधत बसले असते तर शब्द सापडला असता, कदाचित.

मेळघाटात गोष्ट अजून एक वळण घेते. धारणी आणि चिखलदऱ्यातल्या कोरकूंची भाषा मराठीची बहीणही नाही, मावशीही नाही. ती मुंडा कुळातली. तिथे आमचं सोपं मराठी म्हणजे दुसरं इंग्रजीच. डॉक्टर मराठी बोलतात, आशाताई कोरकूत सांगतात आणि मधल्या पायरीवर काय सांडलं हे कोणी बघत नाही. विदर्भात सिकलसेलचा प्रश्न मोठा आहे, आदिवासींमध्ये आहे आणि अनुसूचित जातींमध्येही. केंद्र सरकारने जुलै २०२३मध्ये त्याच्या निर्मूलनाची मोहीमही सुरू केली. सिकल म्हणजे विळा, रोज कमरेला खोचायची वस्तू. तांबड्या पेशी गोल असायच्या त्या विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून सांधे ठणकतात. विळा हातात धरून हे दोन मिनिटांत सांगता येतं. पण आपण ‘सिकलसेल’ म्हणतो आणि कार्डावर लिहितो, ‘वाहक’. वाहक म्हणजे यष्टीतला कंडक्टर! चिखलदऱ्याच्या गाडीत दारावर लिहिलेलंच असतं, चालक आणि वाहक.

ज्याच्या कार्डावर वाहक आहे त्याला स्वतःला बहुधा काही होत नाही. पण दोन वाहकांनी लग्न केलं तर प्रत्येक बाळंतपणाला चार चिठ्ठ्या टाकल्यासारखं असतं: एकीत आजार, दोनींत नुसतं वाहकपण, एक कोरी. पहिल्या बाळाला आजार निघाला म्हणून पुढच्याला निघणार नाही असं नाही, दर वेळी चिठ्ठ्या नव्याने टाकल्या जातात. हे न सांगितल्यामुळे काय होतं? कोणी स्वतःला रोगी समजून सोयरीक लपवतो, आणि कोणी ‘कंडक्टरच तर आहो’ म्हणून निर्धास्त राहतो. आणखी एक. सिकलसेल असलेल्या बाईला कोणी ‘अंगात रक्त कमी आहे’ एवढंच सांगून लोहाच्या गोळ्या देत राहिलं, तर ते शब्दाने केलेलं चुकीचं निदान ठरू शकतं. रक्त कमी असण्याची कारणं पाच-पंचवीस, आणि प्रत्येकाला लोह लागतच असं नाही.

डॉक्टरांची बाजू मी ऐकली आहे. माझा एक विद्यार्थीच आता अकोल्यात ओपीडी बघतो. तो म्हणतो, “सर, बाहेर रांग दारापर्यंत असते. मी विळ्या-कोयत्याच्या गोष्टी सांगत बसलो तर शेवटचा माणूस उपाशी परत जाईल.” हे खोटं नाही. पण वेळ वाचवणारी भाषा याच धंद्याने एकदा शोधलेली आहे. पूर्वी चिठ्ठीवर लॅटिन असायचं, बीडी, टीडीएस, एचएस. आता बहुतेक जण १-०-१ लिहितात. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. सही न येणारी म्हातारीसुद्धा हे वाचते, आणि लिहायला एक सेकंदही जास्त लागत नाही. कोणी परिभाषा समिती नेमली नव्हती. कोणाला तरी समोरच्या माणसाची कीव आली असेल, किंवा रात्रीचे फोन नकोसे झाले असतील. २०१९पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात रुग्णाशी बोलण्याचं शिक्षण आलं आहे, बाहेरून आलेल्या पोरांना स्थानिक भाषा शिकवायचीही सोय आहे. चांगलं आहे. पण परीक्षेत गुण शब्दाला मिळतात, बोलण्याला किती मिळतात ते विचारू नका.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे: सोपं केलं की चुकतं. खरं आहे, विळा आणि चिठ्ठ्या हे पूर्ण सत्य नाही. पण ‘फेल’ हा शब्दही पूर्ण सत्य नव्हता, तो तर सोपाही नव्हता, नुसताच आखूड होता. आखूड आणि सोपं यांतला फरक ओळखायला भाषेचा मास्तर लागू नये.

मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर आमच्यापासून फार लांब नाही. तेराव्या शतकात म्हाइंभटाने तिथे लीळाचरित्र मराठीत रचलं. त्याच महानुभाव पंथातली कथा आहे. संस्कृतचा पंडित असलेल्या केसोबासाला नागदेवाचार्यांनी संस्कृतात लिहू दिलं नाही, कारण पंथातल्या म्हाताऱ्या त्याला मुकल्या असत्या. पंडिताची विद्वत्ता त्यांनी म्हातारीच्या कानावरून मोजली. आता त्याच रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे. तिथल्या पहिल्या प्रबंधांत महानुभावांची सांकेतिक लिपी असेल, असावीच. पण एखाद्याने इर्विनच्या आणि अकोल्यातल्या सर्वोपचार रुग्णालयाच्या ओपीडीत महिनाभर बाकावर बसून, कुठला शब्द ऐकून कोण काय समजलं हे नुसतं टिपून आणलं, तर तो कोश मी पदरच्या पैशाने छापीन.

मोठेबाबांना समजवायला मी एकदा बसलो, तेव्हा गाडगेबाबांची पद्धत वापरली. शेंडगावचा हा माणूस कीर्तनात सांगायचा कमी आणि विचारायचा जास्त. समोरच्याने उत्तर दिल्याशिवाय पुढे जायचा नाही. मी विचारलं, “मोठेबाबा, आपल्या वावरात कापूस वेचाले किती बाया लागते?”

“दहा.”

“दोघी नाई आल्या तं?”

“आठजणी वेचते. थोडं ओढून काम करते. समजत बी नाई.”

“आन् पाच नाई आल्या तं?”

“मंग बोंडं राहते झाडाले.”

“ते झाडाले राह्यलेलं बोंड म्हणजे तुमचं क्रिएटिनिन. बोंड काई रोग नाई. बाया कमी आल्या हे ते सांगते. तुमच्या बाया कमी झाल्या, पण वावरात हायेत. बीपी वाढलं का त्याइच्या डोक्यावर ऊन चढते. एक-एक घरी जाते. गेलेली परत येत नाई. म्हून ती गोयी म्हणजे उरलेल्या बायाइची सावली.”

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग मोठीआईला हाक मारून त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं, माझ्यापेक्षा चांगलं. त्यांच्या सांगण्यात मुकादमही आला आणि दुखण्याच्या गोळ्या म्हणजे बायांना हाकलणारं माकड झाल्या. गोळी त्याच रात्री सुरू झाली.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रिपोर्ट बघितला आणि इंग्रजीत काहीतरी पुटपुटले. मोठेबाबा खुर्चीत पुढे सरकले. “डॉक्टरसाहेब, दहातल्या किती बाया राह्यल्या?”

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी वावर, बोंडं, मुकादम सगळं थोडक्यात सांगितलं. त्यांनी मोबाइल काढला, वय आणि क्रिएटिनिन टाकून किडनीच्या गाळणीचा आकडा काढला, आणि चिठ्ठीच्या कोपऱ्यात पेनने लिहून दाखवला.

“तीन,” ते म्हणाले. “साडेतीन म्हणा.”

“अर्धी कशी काय?”

“लेकरू घेऊन आली असंन,” डॉक्टर म्हणाले. ते मूळचे तेल्हाऱ्याचे निघाले.